अब्बांची फाईल

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत, अम्मीच्या लग्नातल्या शालूखाली, एक फाईल आहे. खाकी रंगाची, कडा उसवलेली. वर अब्बांच्याच अक्षरात त्यांचे नाव आणि बक्कल नंबर. अब्बा हयात असताना ती मी कधी उघडली नव्हती. ते गेल्यावर मात्र त्या फाईलने आम्हाला दोन वर्षे धड झोपू दिले नाही. पोलिसांच्या घरांसाठी सरकार काय काय करते, याची यादी आज मी न पाहता म्हणून दाखवीन. तेव्हा मला त्यातले काहीही ठाऊक नव्हते. एकोणतीस वर्षे नोकरी केलेल्या अब्बांनाही फारसे ठाऊक नव्हते, असे आता वाटते.

अब्बा १९८७ साली शिपाई म्हणून भरती झाले. आमचे मूळ गाव खेड तालुक्यातले, खाडीकाठचे. गावातली निम्मी माणसे आखातात आणि उरलेली मुंबईत, अशी रीत. अब्बांनी पोलिसात जायचे ठरवले तेव्हा आजोबा चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. “आपल्यातला माणूस आणि पोलीस?” हा प्रश्न गावात बरेच दिवस फिरत होता. अब्बा भरती झाले ते घाटावरच्या एका जिल्ह्यात. तिथेच त्यांची सगळी नोकरी गेली, तिथल्याच पोलीस लाईनीत मी आणि माझा धाकटा भाऊ वाढलो. आमच्यात बऱ्याच वर्षांचे अंतर. मधली दोन मुले अल्लाहने परत बोलावली.

लाईनीतले घर दोन खोल्यांचे. पावसाळ्यात एक भिंत ओली व्हायची, मग अम्मी गाद्या दुसऱ्या खोलीत न्यायची. पण लाईनीत आम्हाला कुणी आडनाव विचारले नाही. पलीकडच्या घरात अब्बांचे जोडीदार राहायचे, एकाच बॅचचे. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. ईदच्या दिवशी अब्बांची ड्युटी तात्या करायचे आणि दिवाळीच्या पाडव्याला तात्यांची ड्युटी अब्बा. ही व्यवस्था कुठल्याही कागदावर नव्हती. ज्या वर्षी सगळ्यांच्याच रजा बंद व्हायच्या त्या वर्षी ती मोडायची, आणि तशी वर्षे पुष्कळ आली.

२०१४ सालची आषाढी मला आठवते. ९ जुलैला एकादशी होती आणि रमजानचा पहिला अशरा चालू होता. दोघेही पंढरपूरला बंदोबस्ताला. तात्यांचा उपवास, अब्बांचा रोजा. पंढरपूरहून आल्यावर तात्या सांगत होते, “वहिनी, दिवसभर आम्ही दोघे वाळवंटात उभे. लोक येऊन मला केळी देत होते, ह्यांना पाणी देत होते. माझी केळी खिशात, ह्यांचे पाणी हातात. मगरीब झाली तेव्हा त्याच केळ्यांवर ह्यांनी रोजा सोडला.” अम्मी हसली. मग आत जाऊन मला म्हणाली, “सोळा तास उभे होते दोघं. ते नाही सांगितलं.”

अम्मीचे गणित असे नेहमी तासांचेच असायचे. पगार किती, हुद्दा कोणता, यापेक्षा अब्बा आज किती वाजता गेले आणि किती वाजता येतील, हे तिच्या दिवसाचे काटे. लहानपणी शाळेत ‘माझे बाबा’ हा निबंध असला की मी अब्बांच्या बुटांवर लिहायची. कारण सकाळी उठल्यावर दाराशी बूट असले तर अब्बा घरात आणि नसले तर ड्युटीवर, एवढीच मला त्यांची खात्रीची माहिती होती.

२०१६ साली बकरी ईद १३ सप्टेंबरला आली आणि अनंत चतुर्दशी १५ ला. सगळ्या रजा बंद. ईदच्या सकाळी अब्बा ईदगाहच्या बाहेर बंदोबस्ताला होते. माझे मियाँ जमातीत होते. त्यांनी नंतर सांगितले, की सगळे किब्ल्याकडे तोंड करून उभे आणि अब्बा आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत. त्या वर्षी अब्बांना ईदची जमात मिळाली नाही. दुपारी अर्ध्या तासासाठी घरी आले, दोन घास खाल्ले, धाकट्याच्या हातात ईदी ठेवली आणि परत गेले. पंधराला विसर्जन. मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली. सोळाच्या दुपारी अब्बा घरी आले ते बूट न काढताच खाटेवर बसले. “छातीत जळजळते,” म्हणाले. अम्मीने ओवा दिला. तात्यांची बायको म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. अब्बा म्हणाले, “झोपू द्या, उद्या दाखवतो.”

सतरा तारखेच्या पहाटे, फजरच्या अजानाआधी, ते गेले. वय एक्कावन्न. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आता फाईलकडे येते. मय्यतीनंतर चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही ती उघडली. तिच्यात सगळ्यात वर प्लॅस्टिकमध्ये घातलेले एक कार्ड होते, महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेचे. या योजनेत ठरावीक आजारांची यादी आहे, त्यात हृदयविकार आहे. सरकारने नेमलेल्या रुग्णालयात दाखल झाले आणि कल्याण शाखेला कळवले, की रोख पैसे भरावे लागत नाहीत. पोलिसाला लागू, त्याच्या बायको-मुलांना लागू. असे एक रुग्णालय आमच्या लाईनीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर होते. कार्ड कोरे करकरीत. एकदाही वापरलेले नव्हते. त्याच्याखाली एका खाजगी डॉक्टरची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती, रक्तदाबाच्या गोळ्यांची. अम्मीला त्या गोळ्यांबद्दल काहीच माहीत नव्हते. तात्यांना होते. ते मान खाली घालून म्हणाले, “त्यानं मला शपथ घातली होती. साहेबांना कळलं तर कुठंतरी कोपऱ्यात टेबलावर बसवतील म्हणायचा.”

मला वाईट वाटते ते इथे. सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. दवाखान्याची सोय केली होती, कार्डही दिले होते. पण ते कार्ड घेऊन दवाखान्यात जायला लागतो तो एक मोकळा दिवस अब्बांकडे नव्हता, आणि आजार सांगितला तर आपली किंमत कमी होईल ही भीती त्यांच्या मनातून कुणी काढली नव्हती. आता चाळिशीनंतर ठरावीक काळाने आणि पन्नाशी ओलांडल्यावर दरवर्षी तपासणी करून घेण्याची सोय आहे, खर्च सरकार देते. माझ्या बहिणींनो, तुमच्या घरात कुणी वर्दीवाला असेल तर ती तपासणी त्याच्यावर सोडू नका. तारीख तुम्ही ठरवा आणि त्याच्यासोबत जा. तो “बंदोबस्त झाल्यावर” म्हणेल. बंदोबस्त संपत नसतो.

मय्यतीच्या दिवशीच कल्याण निधीतून पैशाचे पाकीट आले होते. दर महिन्याला पोलिसांच्या पगारातून थोडी रक्कम या निधीत जाते, त्यातूनच अशा वेळी हातात काही पडते. मुलांच्या शिष्यवृत्त्याही त्यातून मिळतात. अम्मीने ते पाकीट न मोजता ट्रंकेत ठेवले. आमच्या नातेवाइकांनी कफन-दफनाचा खर्च केला होता, त्यामुळे पाकीट तसेच राहिले. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. अम्मी इद्दतीत होती. पाकिटातल्या नोटा घेऊन मी बँकेच्या रांगेत दोन दिवस उभी राहिले. माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाने विचारले, “कशाच्या आहेत?” मी म्हटले, “वडिलांच्या.” ते म्हणाले, “मग त्यांना पाठवायचं ना.”

इद्दतीचे सांगायलाच हवे, कारण ही अडचण आपल्याच घरांत येते. चार महिने दहा दिवस. या मुदतीत कार्यालयाचे कागद थांबत नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावर विधवेची सही आणि फोटो हवा, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर सही हवी, गट विम्याच्या अर्जावर हवी. एका टेबलावरचे बाबू मला म्हणाले, “बाईंना घेऊन या, त्याशिवाय होणार नाही.” मी इद्दतीचे सांगितले तर म्हणाले, “मग पाच महिन्यांनी या.” पाच महिने पगार बंद, निवृत्तिवेतन सुरू नाही, आणि घरात अकरावीतला मुलगा. मी जिन्यावर बसून रडले. खोटे कशाला सांगू. त्याच जिन्यावरून कल्याण शाखेची एक महिला शिपाई खाली येत होती. तिने कशासाठी बसलात विचारले, ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी कागद, शाईचा पॅड आणि गोंदाची बाटली पिशवीत घालून आमच्या घरी आली. अम्मीने पडद्याआड बसून सगळ्या सह्या केल्या. त्या मुलीने चहा घेतला नाही, ड्युटीवर आहे म्हणाली. मौलानांना मी नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, अगदीच निकड असेल आणि दुसरे कुणी करणारे नसेल, तर बेवा दिवसा बाहेर जाऊन काम उरकू शकते, रात्र मात्र घरात काढावी. हे आधी विचारले असते तर जिन्यावर बसायची वेळ आली नसती. तुम्ही विचारून ठेवा.

फाईलमध्ये खाली, पिवळ्या पडलेल्या कागदावर, नामनिर्देशनाचा नमुना होता. तारीख १९८७ ची. तेव्हा अब्बांचे लग्न झालेले नव्हते. नाव होते दादीचे, म्हणजे त्यांच्या अम्मीचे. लग्न झाले, मुले झाली, एकोणतीस वर्षे गेली, तो कागद बदलायचा राहून गेला. दादी तेव्हा हयात होती, गावी. आम्ही घाबरत घाबरत तिला सांगितले. ती काही बोलायच्या आत चाचांनी विषय काढला, की मग हा पैसा अम्मांचाच ना! दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोलले नाही. मौलानांनी येऊन समजावले, की कागदावर ज्याचे नाव असते तो पैसा स्वीकारणारा अमानतदार. तरका वाटायचा तो अल्लाहने ठरवलेल्या हिश्श्यांनीच. आईला सहावा हिस्सा, बायकोला आठवा, उरलेले मुलांत, मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. आणि कुटुंब निवृत्तिवेतन हा तरका नव्हे. ते सरकार आपल्या नियमाने बेवेला देते, त्यात कुणाचा वाटा नाही. दादी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “माझा सहावा माझ्या नातवाच्या शिक्षणाला.” चाचा उठून अंगणात गेले. अर्ध्या तासाने परत आले आणि अम्मीची माफी मागितली. पण प्रत्येक घरात अशी दादी नसते आणि प्रत्येक चाचा परत येत नाही. एका न बदललेल्या कागदामुळे आमचे घर फुटता फुटता वाचले.

ऑक्टोबरच्या २१ तारखेला पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर स्मृतिदिनाची परेड असते. १९५९ साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस जवान मारले गेले, त्यांच्या आठवणीत देशभर ही परेड होते, आणि वर्षभरात कर्तव्यावर शहीद झालेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. मैदान आमच्या खिडकीतून दिसायचे नाही, पण लाऊडस्पीकर ऐकू यायचा. अम्मी खिडकीशी बसली होती. अब्बांना जाऊन पाच आठवडे झाले होते. एकेक नाव वाचले जात होते. ती थांबली होती. बिगुल वाजले तशी तिने माझ्याकडे बघितले. मी काहीच बोलले नाही. तात्यांनी संध्याकाळी सांगितले, की यादीत घटनेत मेलेले असतात. घरी, झोपेत, हृदयविकाराने गेलेला माणूस ‘सेवेत असताना मृत्यू’ यात येतो. शहिदाच्या घराला मिळणारी मोठी मदत वेगळी, आपल्याला मिळणारी वेगळी. पगाराच्या खात्यावर बँकेने दिलेला विमाही अपघाती मृत्यूचा होता. तोही लागू झाला नाही. नियम म्हणून ते बरोबरच असेल. अठ्ठावीस तास उभा राहून आलेल्या माणसाच्या हृदयाचे काय झाले, हे लिहायला त्या नमुन्यात रकाना नव्हता, एवढेच.

सगळ्यात अवघड प्रकरण अनुकंपा नोकरीचे. सेवेत असताना कर्मचारी वारला तर त्याच्या घरातल्या एकाला गट ‘क’ किंवा ‘ड’ मध्ये नोकरी मिळू शकते. अर्ज तेव्हा मृत्यूपासून एका वर्षाच्या आत करावा लागे. मग नाव प्रतीक्षायादीत लागते आणि जागा निघतील तसतसे वरून खाली बोलावतात; कारण भरतीच्या जागांतला ठरावीक हिस्साच अनुकंपासाठी असतो. वयाची कमाल मर्यादा पंचेचाळीस. मी विवाहित, शिक्षिका, माझा प्रश्न नव्हता. धाकटा सोळा वर्षांचा. अम्मी चव्वेचाळीस. ज्याला भेटावे तो म्हणे, “अम्मीचं नाव टाका, आजच टाका, वर्ष संपेल.” कार्यालयातही तेच सांगितले. अर्ज भरून तयार होता.

तो अर्ज थांबवला एका निवृत्त हेडक्लार्कने. तात्या त्यांना घेऊन आले होते. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि विचारले, “वहिनींचं वय?” सांगितल्यावर त्यांनी अर्ज उलटा करून ठेवला. म्हणाले, “यादीत नाव लागायला आणि बोलावणं यायला चार-पाच वर्षं सहज जातात. वहिनी पुढच्या वर्षी पंचेचाळीस होतील. पंचेचाळीस पूर्ण झाले की नाव यादीतून निघतं. आणि एकदा वहिनींचं नाव लागलं, की त्यांच्या जागी मुलाचं लावता येत नाही. २०१५ चा शासन निर्णय आहे. म्हणजे वहिनींचीही नोकरी गेली आणि मुलाचीही.” आम्ही सगळे गप्प. मग त्यांनी दुसरी वाट दाखवली. वारस अज्ञान असेल तर तो अठरा वर्षांचा झाल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज करू शकतो. “दीड वर्ष थांबा. कळ काढा. निवृत्तिवेतनावर भागवा.”

थांबणे सोपे नव्हते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीची काही वर्षे जास्त दराने मिळते, पुढे कमी होते. तरी पूर्ण पगार तो पूर्ण पगार. (अब्बा १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले, म्हणून जुन्या नियमाने हे निवृत्तिवेतन होते. नंतर लागलेल्यांच्या घरांची कथा आणखी वेगळी.) शिवाय क्वार्टर सोडावे लागले. मुदत मिळाली होती, ती संपली. भाड्याचे घर शोधताना काय काय ऐकावे लागते हे या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. तेव्हा कळले की त्या ओल्या भिंतीच्या दोन खोल्यांनी आम्हाला काय दिले होते. पोलिसांची घरे बांधण्यासाठी १९७४ पासून राज्याचे एक स्वतंत्र महामंडळ आहे, इमारती उभ्या राहत आहेत, घरासाठी कर्जाचीही सोय आहे. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या पोलिसांना पुनर्विकासात पाचशे फुटांचे घर पंधरा लाखांत द्यायचे २०२२ साली ठरले. आधी आकडा पन्नास लाखांचा होता. शिपायाने पन्नास लाख आणायचे कुठून, हे कुणाला तरी सुचले, बरे झाले. अब्बांनी मात्र कर्ज काढले नाही. व्याजाचा प्रश्न होता, आणि निवृत्तीच्या पैशात गावी घर बांधू, असे ते म्हणायचे.

धाकटा मार्च २०१८ मध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याच महिन्यात अर्ज दिला, पोच घेतली, पोचेच्या तीन झेरॉक्स काढल्या. हेडक्लार्कसाहेबांचा हुकूम होता, की दर सहा महिन्यांनी जाऊन यादीतला क्रमांक बघायचा आणि वहीत लिहायचा. कार्यालयात कुणी रागावले तरी जायचे. धाकट्याने कॉलेज केले, मराठी-इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली. मध्ये कोरोना आला. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईत पंचावन्नच्या वरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितले, कोरोनाने गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या घरांना पन्नास लाख जाहीर झाले. अम्मी टीव्हीसमोर बसून म्हणाली, “देतायत ते चांगलंच आहे. अल्लाह करो आणि कुणाला घ्यायची वेळ न येवो.” २०२२ साली धाकट्याला पत्र आले. कनिष्ठ लिपिक, पोलीस खात्याच्याच एका कार्यालयात. वर्दी नाही, पण अब्बांचेच खाते.

नाव बदलू न देण्याची ती अट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने चुकीची ठरवली. हेडक्लार्कसाहेब तेव्हा हयात नव्हते. मला ती बातमी त्यांना वाचून दाखवायची होती. त्या अटीमुळे किती बायकांची पंचेचाळिशी यादीतच उलटली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

बदल झाले नाहीत असे नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ च्या मे महिन्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात. कल्पना तिथल्याच एका शिपायाची होती. पुढे ती शहरभर नेली. अब्बा गेले त्याच वर्षीची ही गोष्ट आहे, म्हणून मला तो महिना पाठ आहे. २०२१ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये पोलिसांच्या किरकोळ रजा बारावरून वीस केल्या. तात्यांची मुलगी आता शिपाई आहे. तिला मी विचारले, खरेच आठ तास? ती म्हणाली, “ताई, रोजच्या दिवशी बहुतेक वेळा आठच. माणसं कमी असली की दहा. बंदोबस्त लागला की विचारूच नका.” मग जरा थांबून म्हणाली, “पण माझा मुलगा मला ओळखतो. मी पप्पांना युनिफॉर्मशिवाय बघितलं की घाबरायचे.”

माझ्या मते, सगळ्या योजनांत हे आठ तास पहिले. दवाखाना, विमा, घर, अनुकंपा हे सगळे त्याच्यानंतर. माणूस रोज घरी आला, मुलांत बसला, वेळेवर जेवला, तर त्यातल्या निम्म्या योजनांची गरजच लागणार नाही. त्यासाठी रिकाम्या जागा भराव्या लागतात, आणि ते खर्चाचे काम आहे. कार्ड छापणे स्वस्त पडते.

धाकट्याचे टेबल आता आस्थापना शाखेत आहे. मी एकदा त्याला डबा द्यायला गेले होते. समोर एक बाई उभी होती, तरुण, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. ती काही विचारायच्या आधीच धाकटा उठला, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि म्हणाला, “बसा ताई. आधी सांगा, मुलं किती वर्षांची आहेत?” मी डबा टेबलाच्या कडेला ठेवून निघाले.

गेल्या वर्षी त्याचा निकाह झाला. वलीमा आटोपला, पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अम्मीने ट्रंक उघडली. सुनेला वाटले, दागिना काढतेय. अम्मीने अब्बांची फाईल काढली आणि तिच्याखालून एक नवी कोरी फाईल, स्वतः बाजारातून आणलेली. धाकट्यापुढे ठेवून म्हणाली, “नामनिर्देशनाचा फॉर्म आणलास?”

“आणतो अम्मी, रजा संपली की.”

“आज शनिवार. सोमवारी आण. तिचं नाव लिही, तिला दाखव, आणि ती सही कुठं करायची ते तिलाही शिकव. दोन झेरॉक्स काढ. एक माझ्या ट्रंकेत राहील.”

सून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटले, “चहा टाक, मग सांगते.”